स्वर गाळलेले निरोप

१

रोमिना कत्ताब्रिगाचं प्रेत शुक्रवारी सकाळी कालव्याच्या बांधाखाली सापडलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बोर्गोफोंदोतल्या यच्चयावत शहाण्यांनी खुनी ठरवूनही टाकला. नेव्हिओ. तिचा मित्र. टायरच्या दुकानात कामाला, कानात बाळी, बुडाखाली फटफटी. गावाला एवढा पुरावा रग्गड झाला.

काराबिनिएरी या इटालियन पोलिसांच्या ठाण्याचा प्रमुख मारेशाल्लो एफिसिओ पिरास याला हे गाव कधीच आवडलं नव्हतं. तो सार्दिनियाचा, समुद्रवाऱ्यावर वाढलेला. इथं नोव्हेंबर लागला की पो नदीचं धुकं दारात येऊन ठाण मांडतं आणि वसंतापर्यंत हलत नाही. माणसंही त्याच वळणाची: गार, ओलसर आणि कुठल्याही फटीतून आत शिरणारी. तो बांधावर पोचला तेव्हा निम्मं गाव आधीच तिथं उभं होतं, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला मागं सरकायला सांगत होता.

पोरगी गुडघाभर पाण्यात पडलेली. तिच्या सायकलचं मागचं चाक वाकडं झालेलं. बांधाच्या कडेला दिव्याच्या काचेचे चार तुकडे. तिचा मोबाइल थोडा पुढं, कालव्याच्या गाळात सापडला. पाणी जाऊन तो कामातून गेला होता.

"कंबरेचं हाड मोडलंय," डॉक्टर झानासी हातमोजे काढत म्हणाले. "लगेच गेली नाही ती. तास-दीड तास तरी जिवंत असणार. वेळेवर अँब्युलन्स आली असती तर वाचली असती."

"कितीच्या सुमाराला?"

"एवढ्या गार पाण्यात? मी नाही सांगणार बाबा. देवाला विचारा."

मोदेनाहून आलेल्या सरकारी वकिलांना देवाला विचारायची गरज पडली नाही. पोरीचा शेवटचा निरोप काल रात्री नऊला नेव्हिओच्या मोबाइलवर आला होता. म्हणजे नऊपर्यंत ती धडधाकट होती. आणि नऊनंतर आपण तिला शोधत फटफटीवरून बांधावर फिरत होतो, हे त्या बावळटानं विचारायच्या आधीच सांगून टाकलं होतं. फटफटीचा दिवाही फुटलेला. वकीलसाहेबांनी टाय नीट केला. सोमवारी न्यायाधीशांचा शिक्का बसला की पोरगा मोदेनाच्या तुरुंगात, आणि तिथून तो लवकर परत येणार नव्हता.

पिरासनं जप्त केलेला नेव्हिओचा मोबाइल उघडला आणि शेवटचा निरोप वाचला.

«संपल सगळ. मल शोधू नक»

"ही भाषा आहे?" तो हवालदाराला म्हणाला. "मरायच्या आधी माणसानं निदान काने-मात्रे तरी द्यावेत."

२

कोठडीत नेव्हिओ भिंतीला टेकून बसला होता. डोळे सुजलेले. पिरासनं खुर्ची ओढली.

"भांडण कशावरून?"

"भांडण नव्हतंच, साहेब."

"मग 'संपलं सगळं' हे काय प्रेमपत्र?"

"ते ती आधीपण लिहायची. उन्हाळ्यात पण असंच लिहिलेलं, अगदी असंच. दुसऱ्या दिवशी आइस्क्रीम खायला हजर. नाटकी होती थोडी." त्यानं नाक पुसलं. "पण काल मी काही केलंच नव्हतं. साडेसातपर्यंत दुकानात होतो, मालकाला विचारा. सुटल्यावर किती निरोप टाकले. उत्तर नाही. आणि मग नऊला एकदम हे. म्हणून शोधायला निघालो."

"फटफटीचा दिवा?"

"तो ऑगस्टपासून फुटलाय. तुम्हीच मला दोनदा दंड केलाय त्याचा."

हे खरं होतं. पिरासला राग आला. वकिलाचा जास्त की स्वतःचा, ते त्याला कळलं नाही.

"काल ती कुणावर चिडलेली होती?"

"ती नाही. देबोराच तिच्यावर चिडलीय. रोमिनानं आपले पैसे खाल्ले म्हणून कालपासून बोंबलत होती. वर्गातली मैत्रीण."

"पोरींच्या भानगडी," पिरास म्हणाला आणि उठला. दारातून बाहेर पडताना नेव्हिओचा आवाज मागून आला.

"साहेब, तिची आई मला काय म्हणते?"

पिरासनं कडी घातली. आई काय म्हणते ते सगळ्या बाजारानं ऐकलं होतं. त्या पोराच्या गळ्यात दगड बांधून त्याला त्याच कालव्यात सोडा, असं ती म्हणत होती.

३

रोमिनाची आई लोरेदाना स्वयंपाकघरात बसली होती. टेबलावर शेजारणींनी आणलेली तोर्तेल्लीनीची तीन भांडी, तिन्हींची झाकणं तशीच. गावाला दुःख कळत नाही, पण दुःखात काय शिजवायचं ते बरोबर कळतं.

तिनं आपला मोबाइल दोन्ही हातांत धरला होता.

"हा माझा," ती म्हणाली. "हा निरोप तिनं मला शेवटचा लिहिला. साडेआठला. हा कुणी माझ्याकडून घ्यायचा नाही."

"घेत नाही. वाचा फक्त."

तिनं अडखळत, जपमाळ ओढावी तसं वाचलं. «उशर होइल. कात्यकड अहे. जेवय थंबू नक. तवब»

"ते शेवटचं काय?"

"तीन अक्षरं. 'ती वोल्यो बेने'ची. तू मला फार आवडतेस. सगळी पोरं लिहितात." ती थांबली. "आणि खोटं बोलली बघा माझ्याशी. कात्या ऑक्टोबरातच बोलोन्याला राहायला गेली, आईबापांबरोबर. त्या नालायकाला भेटायचं होतं, म्हणून मला कात्याचं नाव सांगितलं. शेवटचं बोलणं, आणि तेही खोटं."

हे तिला सगळ्यात जास्त लागलं होतं.

तेवढ्यात तिच्या हातातला मोबाइल एकदाच वाजला आणि थांबला. तिनं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती उठली, दाराजवळची कळ दाबली, आणि अंगणाचं फाटक कुरकुरत उघडलं. पावाची गाडी आत आली. तिचा दुसरा नवरा दुइलिओ उतरला. राकट, अबोल माणूस, अंगभर पीठ. गाडीच्या पुढच्या बाजूला भलामोठा पोचा.

"हा कशाचा?" पिरासनं बाहेर येऊन विचारलं.

"खांबाचा. धुकं." दुइलिओनं टोपी काढली. "काल संध्याकाळी मी मिरांदोलाला पाव पोचवत होतो. एकटाच. साक्षीदार नाही. काय लिहायचं ते लिहा. माझी पोर नव्हती म्हणून लोक काय बोलतायत ते माहितेय मला."

गाडीचे दोन्ही दिवे शाबूत होते. पण दिवे बदलता येतात, आणि सावत्र बापाला गाव कधी माफ करत नाही.

४

शनिवारी सकाळी पिरास शाळेत गेला. प्राचार्य ओत्तोरीनो मालागोली सायकलवरून येत होते. विजारीला चिमटे लावलेले, गळ्यात रेशमी मफलर. एवढ्या मोठ्या देहाखाली सायकल कण्हत होती.

"गाडी कुठं?" पिरासनं विचारलं.

"धुक्यात गाडी काढणं म्हणजे बेजबाबदारपणा, मारेशाल्लो. शिवाय वयाला व्यायाम हवा."

मालागोली म्हणजे गावाचं भूषण. मोबाइलवरच्या तुटक्या भाषेविरुद्ध त्यांनी मोहीमच उघडली होती. वर्गात मोबाइल दिसला की जप्त. जप्त केलेल्या मोबाइलमधले निरोप ते शाळेच्या सभेत मोठ्यानं वाचून दाखवत आणि कुणाच्या तरी सोळा वर्षांच्या प्रेमावर सगळ्या शाळेला हसायला लावत. गावातले पालक या गोष्टीवर खूश होते. आपल्या पोराची लाज दुसऱ्यानं परस्पर काढली की त्यांचं काम वाचायचं.

"बिचारी रोमिना," खुर्चीत बसत मालागोली म्हणाले. "हुशार, पण बोटं बिघडलेली. तिचा मोबाइल माझ्याकडे दोनदा आला होता. पाठवलेल्या निरोपांचा जो साठा असतो ना, त्यात बघा तुम्ही. तीस-तीस निरोप, आणि एक अख्खा शब्द नाही. जी पिढी शब्द पुरा करत नाही, ती दुसरं काय पुरं करणार?"

टेबलावरचा त्यांचा मोबाइल वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी तो कानाला लावला होता. बोलणं उरकून ते हसले.

"वडिलांची शिकवण. समोरच्याला ताटकळत ठेवायचं नाही."

"गुरुवारी संध्याकाळी आपण कुठं होता?" पिरासनं सवयीनं विचारलं.

मालागोलींनी भुवया उंचावल्या. "हे तुम्ही मला विचारता?"

पिरासचे कान तापले. गुरुवारी सातला वाचनालयात मालागोलींचं 'भाषेची हत्या' या विषयावर व्याख्यान होतं. पहिल्या रांगेत, महापौरांच्या शेजारी, पिरासला बसवलं होतं. नंतर ट्रॅटोरियात जेवण, तिथंही दोघं एकाच टेबलाला. आणि जेवणानंतर, "तुमच्यासमोर लाम्ब्रुस्को पिऊन गाडी कशी चालवू?" असं म्हणून मालागोली पिरासच्याच गाडीतून घरी गेले होते.

प्राचार्यांचा साक्षीदार स्वतः पोलीसच होता.

५

देबोरा शाळेच्या फाटकाबाहेर भिंतीवर बसून च्युइंगगम चघळत होती. रडून रडून डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं.

"रोमिनानं तुझे पैसे खाल्ले म्हणे," पिरास म्हणाला.

"मला नाही बोलायचं त्याबद्दल. ती मेली आणि मी तिला शिव्या देत बसलेले."

"मला सांगितल्याशिवाय घरी जाता येणार नाही."

तिनं सुस्कारा टाकला. "मी तिला मिस कॉल दिला. आणि तिनं उचलला."

"मग?"

देबोरानं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं चमचा कशानं धरतात असं विचारलं होतं. "साहेब, मिस कॉल कुणी उचलतं का? एक रिंग द्यायची, कापायची. म्हणजे, तुझी आठवण आली. किंवा, मी निघाले. तिनं उलटा एक द्यायचा. फुकटात काम होतं. उचलला की पैसे जातात. माझ्याकडे शेवटचे तेवढेच होते. आम्ही रोज संध्याकाळी द्यायचो, ती सायकलवर निघाली की. चार वर्षांत एकदा तरी उचलला का तिनं? आणि गुरुवारी रिंग जाते न जाते तोच उचलला. मी रोमी, रोमी करतेय, आणि पलीकडून काही नाही. नुसता श्वास. मग कापला. मला वाटलं मुद्दाम केलं."

"किती वाजता?"

"सातला थोडी मिनिटं कमी होती. आमच्या घरी बातम्या लागायच्या होत्या."

पिरास भिंतीवर तिच्या शेजारी बसला. धुक्यात शाळेची घंटा वाजली.

"कोण उचलतं गं मिस कॉल?" त्यानं शेवटी विचारलं.

"म्हातारे," देबोरा तुच्छतेनं म्हणाली. "ज्यांना कुणी मिस कॉल देत नाही ते."

पिरास तसाच लोरेदानाकडे गेला. मोबाइल तिच्याच हातात ठेवून त्यानं तिला मागं मागं जायला सांगितलं. तिनं एकही निरोप पुसला नव्हता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, कात्या अजून गावात असतानाचा एक निरोप निघाला. «उशर होइल. कात्यकड अहे. जेवय थंबू नक. तवब»

अक्षरही इकडचं तिकडं नव्हतं.

६

मालागोली संध्याकाळी शाळेत एकटेच निबंध तपासत बसले होते. लाल शाईनं पानं रक्ताळलेली. पिरासनं दार ओढून घेतलं आणि समोर बसला.

"आपली गाडी पाहून आलो," तो म्हणाला. "वाचनालयामागून शुक्रवारी पहाटे घरी नेऊन शेडमध्ये घातलीत. वर ताडपत्री. उजवा दिवा फुटलेला."

"कुत्रा आडवा आला. नेव्हिओला सोडून तुम्ही माझ्या दिव्याच्या मागं का लागलात?"

"कारण सातच्या आधी रोमिनाचा मोबाइल कुणीतरी उचलला. मिस कॉल होता तो. या गावातलं कुठलंही पोर तो उचलत नाही. नेव्हिओ नाही, रोमिना तर नाहीच. दुइलिओसुद्धा नाही, पावाची गाडी फाटकाशी आली की तो बायकोला एक रिंग देतो, पोरीनं शिकवलेलं. म्हणजे सातच्या आधीच तो मोबाइल परक्याच्या हातात होता. पोरगी तेव्हाच कालव्यात पडली होती. आणि त्या वेळी नेव्हिओ दुकानात टायर बसवत होता."

"गावात परके काय थोडे आहेत?"

"परक्याला तिचे निरोप लिहिता आले नसते. तुम्हालाही आले नसते. म्हणून तुम्ही लिहिलेच नाहीत. पाठवलेल्यांच्या साठ्यातून तिचेच जुने काढून पुन्हा पाठवलेत. साठा कुठं असतो, ते इतरांच्या पोरांचे मोबाइल उघडून तुम्हाला पाठ झालेलं. फक्त कात्या गाव सोडून गेलीय, हे तुम्हाला कसं ठाऊक असणार? पोरांची नावं तुम्हाला हजेरीपुरती माहीत."

मालागोलींनी पेन खाली ठेवलं.

"नेव्हिओच्या निरोपांना तासभर उत्तर नाही," पिरास म्हणाला. "तुम्ही तेव्हा व्यासपीठावर भाषेच्या हत्येवर बोलत होता. उशिरा आलात, धुक्याला दोष दिलात, आम्ही टाळ्या वाजवल्या. जेवताना दोनदा उठलात. पोट बिघडलंय म्हणालात. एकदा आईला निरोप, एकदा त्या पोराला. मी तुमच्या शेजारी बसून तोर्तेल्लीनी खात होतो. आणि घरी जाताना ओकारी येतेय म्हणून बांधावर माझी गाडी थांबवलीत. मी आत हीटर लावून बसलो आणि तुम्ही मोबाइल कालव्यात टाकलात."

बोलता बोलता त्यानं समोरचा निबंधांचा गठ्ठा बाजूला सारला.

"एवढं सगळं एका रिंगवरून?" मालागोली हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "कोर्ट हसेल तुम्हाला."

पिरासचा हात कोटाच्या खिशात होता. टेबलावरचा मालागोलींचा मोबाइल वाजला. एक रिंग पुरी व्हायच्या आत तो त्यांच्या कानाला होता.

"हॅलो?"

पलीकडे कुणी नव्हतं. पिरासनं खिशातून आपला मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

"कोर्टासाठी दिव्याची काच आहे," तो म्हणाला. "हे माझ्यासाठी होतं."

बराच वेळ मालागोलींनी मफलरशी चाळा केला. मग त्यांचा आवाज बारीक झाला.

"धुक्यात ती दिसलीच नाही. मी उतरलो होतो, मारेशाल्लो. मी खाली गेलो. मोबाइल तिच्या हातातच होता. तिनं माझ्यासमोर धरला होता. काहीतरी म्हणत होती. मला कळत नव्हतं. अर्धे अर्धे शब्द होते सगळे."

पिरासनं या माणसाकडे पाहिलं. गावात त्याला अनेकांची किळस वाटत असे, पण ती रोजची, सवयीची होती. ही तशी नव्हती.

"ती तो तुमच्यासमोर का धरत होती, हे खरंच कळलं नाही?"

मालागोलींनी लाल शाईचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"तुम्ही तिच्या हातातून मोबाइल घेतलात. त्यावर तिच्या आईला निरोप पाठवलात, त्या पोराला पाठवलात. डॉक्टर म्हणतात ती तास-दीड तास जिवंत होती. तुम्ही व्याख्यान देत होता तेव्हा जिवंत होती. अँब्युलन्सचा नंबर एक-एक-आठ. तीन आकडे, प्राचार्य. तुमच्या त्या मोडक्या पिढीतलं शेंबडं पोरसुद्धा ते दाबतं."

"माझं नाव... माझी सगळी आयुष्यभराची..."

"पुरं करा," पिरास म्हणाला. "तुमचे शब्द तरी पुरे करा."

पण मालागोलींना ते वाक्य पुरं करता आलं नाही.

७

नेव्हिओला रविवारी दुपारी सोडलं. वकीलसाहेब फोनवर एवढंच म्हणाले, की तपास योग्य दिशेनं चालला होता हे आपल्याला सुरुवातीपासून ठाऊक होतं. बाहेर जमलेल्या लोकांनीही पोरगा निर्दोष असल्याचं आपण आधीच ओळखलं होतं असं एकमेकांना सांगितलं. पिरासनं त्यांच्यातून पोराला वाट काढून दिली आणि गाडीत बसवलं.

"घरी?"

"आधी तिच्या आईकडे," नेव्हिओ म्हणाला. "हाकललं तर हाकललं."

लोरेदानाला पिरासनं सकाळीच सगळं सांगितलं होतं. तिनं मध्ये एकदाच विचारलं होतं, "म्हणजे तो निरोप तिचा नव्हता?" तिचाच होता, तो म्हणाला, ऑक्टोबरात लिहिलेला, आणि तेव्हा ती खरंच कात्याकडे होती. खोटं बोलली नव्हती. मोबाइल तिनं हातातून ठेवला नाही.

गाडी फाटकापाशी थांबली. धुक्यात घर दिसत नव्हतं, नुसता स्वयंपाकघरातला दिवा.

नेव्हिओ उतरला. घंटेकडे त्यानं हात नेला आणि मागं घेतला. मग पिरासनं परत दिलेला मोबाइल खिशातून काढला, नंबर लावला, एक रिंग दिली आणि कापला.

दोघं वाट पाहत राहिले. पिरासला वाटलं, आता ती फोन करून पोराला शिव्या घालील. पण पोराच्या हातातला मोबाइल वाजला नाही. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं फाटक कुरकुरत उघडलं.